कार्बोरेटर साफ केल्यापासून गाडी स्लोवर बंद पडते: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, जुनी पल्सर, बुलेट. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्या इंदुरात अजून घरोघरी आहेत आणि रोज कामावर जातात. रामबाग, लोकमान्य नगर, तिलक नगर, थेट महूपासून लोक एकच तक्रार फिरून फिरून पाठवतात: कार्बोरेटर साफ करून घेतला आणि तेव्हापासून सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की, म्हणजे स्लोवर, गाडी बंद पडते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

बरीचशी कामं घरच्या अंगणात होतात. फक्त गाडी उघड्यावर ठेवा, इंजिन थंड असू द्या, जवळपास विडी-सिगरेट किंवा देवघरातला दिवा नको, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम कधीच करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

१. साफ करण्याआधी गाडी ठीक चालत होती. मग साफसफाईनंच बिघडवली का?

बहुतेक वेळा हो, आणि त्यामुळे शोध सोपा होतो. पिस्टन, रिंग, क्लच एका दुपारीत बदलत नाहीत. जिथे जिथे हात लागला, फक्त तेवढंच आधी तपासायचं.

स्लोवर नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या, पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. मूठ सोडलेली असते तेव्हा कार्बोरेटरची मोठी वाट जवळजवळ बंद असते. मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारा छिद्राचा पितळी तुकडा) आणि सुई त्या वेळी कामाला नसतात. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते स्लो जेटमधून, एका वेगळ्या बारीक वाटेनं. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत या जेटचं छिद्र साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्या छिद्रात वाळलेल्या पेट्रोलचा पातळ थर बसला तरी पुरे होतं. शिवाय स्लोवर इंजिन हवाही फार थोडी ओढतं, त्यामुळे कुठून तरी फुकटची हवा आत शिरली तर तिचा परिणाम सगळ्यात जास्त तिथेच दिसतो.

म्हणजे शक्यता दोन मोठ्या: बारीक वाट अजून बंद आहे, किंवा नको तिथून हवा शिरते आहे. तिसरी थोडी कमी वेळा भेटते, पेट्रोल जास्त होणं. बायपासला ६० च्या स्पीडनं गाडी मस्त पळते आणि पलासियाच्या सिग्नलला मरते, यात आश्चर्य काहीच नाही. दोन्ही ठिकाणी पेट्रोल वेगवेगळ्या वाटेनं येतं.

२. सगळ्यात आधी काय बघू? स्क्रू फिरवून बघू का?

स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. माझं हे मत ठाम आहे. आधीच स्क्रू फिरवला की मूळ दोष झाकला जातो आणि जुनी जागाही हरवते.

आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. कार्बोरेटर आणि इंजिनामधला जोड सरळ बसलाय का? दोन्ही नट सारखे आवळले आहेत का? मागे एअर फिल्टरच्या डब्याकडून येणारं रबर तोंडावर पूर्ण चढलंय की एका बाजूनं दुमडलंय? क्लॅम्प घट्ट आहे का? पेट्रोलची नळी टाकीखाली पिचकली तर नाही? कार्बोरेटरच्या बाजूला लटकणाऱ्या बारीक नळ्या मोकळ्या आहेत का? त्यातली एक फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, वाटीला हवा देते, ती दबली की पेट्रोल नीट उतरत नाही. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीवरच्या, म्हणजे मेनिफोल्डवरच्या, बारीक नळीच्या निपलवर काही चढवायचं राहून तर गेलं नाही? बीएस-३ आणि बीएस-४ (धुराचे सरकारी नियम) काळातल्या बऱ्याच गाड्यांत तिथून एक नळी धूर कमी करणाऱ्या झडपेकडे जाते. कार्बोरेटर काढताना ती निघते आणि बसवताना विसरली जाते.

आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक. साफ करताना बंद केलेला कॉक अर्धवट उघडा राहिल्याचंही निघालेलं आहे.

३. स्लो नक्की किती असावा? माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही.

१०० ते १५० सीसीच्या बहुतेक भारतीय गाड्यांना इंजिन गरम असताना मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायला सांगितलेलं असतं, शंभर इकडे-तिकडे. बुलेटसारखं लांब स्ट्रोकचं इंजिन हजाराच्या जवळपास चालतं. नक्की आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो.

काटा नसेल तर काटा असलेली तेवढ्याच सीसीची गाडी शेजारी उभी करून कानानं जुळवा. कान यात पुरेसा पक्का असतो. दुसरी कसोटी: गरम इंजिनाला थोडी रेस द्या आणि मूठ एकदम सोडा. आवाज सरळ खाली येऊन तिथेच थांबायला हवा. वरच लटकून मग हळूहळू उतरत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा जास्तीची हवा येतेय. खूप खाली बुडून गुदमरत असेल तर पेट्रोल जास्त आहे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागेल.

४. मिस्त्री म्हणतो, “रेस बढ़ा दो, चल जाएगी.” तसंच चालवू का?

दुसऱ्या दिवशीच्या कामापर्यंत चालवा, महिनाभर नको. स्लोचा स्क्रू आत घेतला की थ्रॉटल (मुठीनं उघडणारी झडप) थोडा कायमचा उघडा राहतो, गाडी चढ्या आवाजावर तगते आणि खरा दोष तसाच राहतो. गिअर टाकताना धक्का बसतो, ब्रेक लावताना इंजिन पुढे ढकलतं, राजवाड्याच्या गर्दीत क्लच आणि इंजिन दोन्ही तापतात, आणि पेट्रोल जातं ते वेगळंच.

५. चोक ओढला की चालते, चोक सोडला की बंद. काका, याचा अर्थ काय?

यापेक्षा स्पष्ट खूण दुसरी नाही. चोक पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. त्याच्याशिवाय गाडी टिकत नाही म्हणजे स्लोच्या वाटेनं पेट्रोल कमी येतंय किंवा हवा जास्त. साफसफाईनंतर नव्यानं सुरू झालं असेल तर पहिला संशय स्लो जेटवर.

“साफ केला” या शब्दात पुष्कळ काही लपतं. अनेक ठिकाणी खालची वाटी उघडतात, पेट्रोलनं धुतात, मेन जेट काढून फुंकतात आणि बंद करतात. स्लो जेट बाजूच्या खोल नळकांड्यात बसलेला असतो, तो तसाच राहतो. त्यात वाटीच्या तळाचा गाळ हलून नेमका याच छिद्रात जाऊन बसतो. म्हणून धुण्याआधी बरी असलेली गाडी धुतल्यावर बिघडते. मिस्त्रीला नेमकं सांगा: “स्लो जेट बाहर निकालो, और उसके पीछे का रास्ता भी साफ करो.” नुसतं “कार्बोरेटर साफ करा” म्हणू नका.

पेट्रोल वाटीतच कमी असेल तरीही हीच खूण दिसते. फ्लोटची पातळी खाली गेली असेल किंवा नळी पिचकली असेल तर असं होतं. मग मात्र वरच्या स्पीडलाही गाडी मार खाते. फक्त स्लोवरच त्रास असेल तर जेट.

६. स्लो जेट घरी कसा साफ करू? टाचणी चालेल का?

टाचणी नको, सुई नको, स्टीलची तार तर मुळीच नको. जेट पितळी असतो आणि पितळ मऊ. छिद्र एकदा ओरखडलं किंवा मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त येतं आणि नवा जेट घेण्याशिवाय इलाज राहत नाही.

जेट काढायला खाचेत अगदी बरोबर बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. लहान घेतलात तर खाच घासते आणि जेट तिथेच अडकतो. काही कार्बोरेटरांत स्लो जेट दाबून बसवलेला असतो, तो निघत नाही. ओढाओढ न करता तो जागच्या जागीच साफ करायचा. निघालेला जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये थोडा वेळ भिजू द्या, मग दोन्ही बाजूंनी हवा मारा. उजेडाकडे धरून बघा: छिद्र गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तरीही अडकलेलं असेल तर जुन्या टूथब्रशचा एक केस किंवा घरच्या लवचिक वायरमधली एक मऊ तांब्याची तार हळूच आत-बाहेर करा. जेटच्या अंगावरही आडवी बारीक छिद्रं असतात. त्यांना विसरू नका.

जेट साफ झाला म्हणजे अर्धं काम झालं. तो ज्या नळकांड्यात बसतो त्याच्या पुढची वाट थ्रॉटलच्या अगदी खाली, इंजिनाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उघडते. शेजारीच आणखी एक छिद्र असतं, मूठ किंचित उघडल्यावर कामाला येणारं. क्लीनरची बारीक नळी नळकांड्यात धरून फवारा मारा. या छिद्रांतून आणि फिल्टरकडच्या हवेच्या बारीक छिद्रातून फवारा बाहेर यायला हवा. आला की वाट मोकळी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हा फवारा कुठून बाहेर उडेल सांगता येत नाही आणि डोळ्यात गेला तर फार झोंबतो.

फवारा मारण्यापूर्वी रबराची प्रत्येक गोष्ट बाजूला काढा: ओ-रिंगा, वाटीचं पॅकिंग, डायफ्राम. क्लीनर रबर फुगवतो. फुगलेली ओ-रिंग जागेवर बसत नाही आणि आपण पुढच्या प्रश्नात येऊन पडतो.

७. जेट दोनदा साफ केला, वाट मोकळी आहे, तरी चोकशिवाय राहत नाही.

आता हवेची गळती शोधा. जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटर आणि इंजिनामधला जाड काळा इन्सुलेटर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओ-रिंगा किंवा पॅकिंग, रबरी मेनिफोल्ड असेल तर त्याच्या पोटातली चीर, आणि प्रश्न २ मध्ये सांगितलेली मोकळी राहिलेली निपल. इन्सुलेटरची ओ-रिंग वर्षानुवर्षं गरम होऊन चपटी आणि कडक झालेली असते. जागेवर असेपर्यंत ती कशीबशी काम करते. कार्बोरेटर काढून पुन्हा बसवला की तिचा जुना ठसा जुळत नाही. म्हणून कार्बोरेटर उतरवला की ही ओ-रिंग नवी टाकावी असं मी प्रत्येकाला सांगतो. अगदी स्वस्तातली वस्तू आहे, आणि तिच्यापायी लोक आठवडे घालवतात.

नट एका बाजूनं जास्त आवळल्यामुळे कार्बोरेटरचा चपटा कान वाकलेला असतो, हेही पाहायला मिळतं. काचेच्या तुकड्यावर कान टेकवून बघा. मधून उजेड दिसला तर तो वाकलाय. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर गोल घासून तो सपाट करता येतो.

तपासायची पद्धत: इंजिन स्लोवर चालू ठेवा, टिकत नसेल तर थोडी रेस धरून ठेवा, आणि साबणाचं पाणी बारीक बाटलीनं जोडांवर फवारा. गळतीच्या जागी पाणी आत ओढलं जातं आणि क्षणभर आवाज बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनाशेजारी आणि प्लगच्या वायरजवळ हे करू नका. आग लागायला एक ठिणगी पुरते. पाण्यानं कळलं नाही तर संशयाच्या जोडावर बाहेरून जाडसर ग्रीस चोपडा. तेवढ्यानं स्लो सुधारला तर जागा सापडली. नंतर ग्रीस पुसून ओ-रिंग बदला. ग्रीस हा इलाज नव्हे.

८. हवेचा स्क्रू नक्की किती फेरे उघडायचा? प्रत्येक मिस्त्री वेगळा आकडा सांगतो.

आकडे वेगळे येण्याचं एक कारण असं की हे स्क्रू दोन जातींचे असतात आणि दोन्ही उलट वागतात.

स्क्रू थ्रॉटलच्या मागे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सांभाळतो. बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आरएक्स १०० चा कार्बोरेटर या जातीचा. स्क्रू थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो तयार मिश्रण सांभाळतो. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, आत घेतला की कमी होतं. डायफ्रामवाल्या सीव्ही कार्बोरेटरांत बहुधा हा दुसरा प्रकार, आणि कधी तो खोल भोकात किंवा पितळी टोपीखाली असतो. जात ओळखल्याशिवाय फिरवलात तर सुधारायच्या ऐवजी बिघडेल.

आता पद्धत. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, थंड इंजिनावर हे काम करू नका. स्क्रू हळूच आत घ्या आणि टेकला की थांबा. आवळू नका, टोकाची सुई तुटून भोकात अडकते आणि मग पूर्ण कार्बोरेटर जातो. टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, तीच तुमची जुनी जागा. मग दीड ते दोन फेरे बाहेर काढून इंजिन सुरू करा, स्लोचा स्क्रू थोडा चढा ठेवा. आता हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. आवाज जिथे सगळ्यात उंच आणि एकसारखा होतो ती खरी जागा. मग स्लोच्या स्क्रूनं आवाज खाली आणा आणि हाच खेळ आणखी एकदा करा.

ही जागा कुठे सापडली यावरून पुढचं कळतं. हवेच्या जातीचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेल्यावरच बरं वाटत असेल, किंवा मिश्रणाच्या जातीचा तीन फेऱ्यांपेक्षा बाहेर काढावा लागत असेल, तर इंजिन पेट्रोल मागतंय: पुन्हा प्रश्न ६ आणि ७. याच्या नेमकं उलट असेल तर पेट्रोल जास्त आहे: प्रश्न १०.

मिश्रणाच्या स्क्रूखाली क्रमानं स्प्रिंग, पातळ वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. स्क्रू काढताना ती ओ-रिंग बहुतेक वेळा आत भोकातच चिकटून राहते, आणि हवेचा झोत मारला की उडून जाते. ती नसेल तर त्या स्क्रूवर गाडी कधीच सेट होणार नाही.

९. स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नाही.

ही खूण फार उपयोगाची आहे. एक तर स्लोचा स्क्रू इतका आत घेतलेला आहे की थ्रॉटल त्या बारीक वाटेच्या हद्दीपलीकडे उघडलाय. तो मागे घ्या आणि गाडी बंद पडली तर पडू द्या, निदान खरं काय ते दिसेल. नाहीतर वाट पूर्ण बंद आहे, किंवा हवेची गळती इतकी मोठी आहे की स्क्रूची पाव फेऱ्याची भाषा इंजिनापर्यंत पोहोचतच नाही.

१०. माझं उलट आहे. काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि थोडा वेळ उभी राहिली की गुदमरून बंद.

पेट्रोल जास्त होतंय. प्लग काढून बघा, टोक कोरड्या काजळीनं काळं किंवा ओलं असेल. साफसफाईनंतर याची कारणं बहुधा चारच. चोकची दांडी पूर्ण मागे जात नाही, केबल ताणली आहे किंवा प्लंजर अडकलाय. स्लो जेट नीट कसला नाही आणि पेट्रोल त्याच्या बाजूनं निसटतंय. फिल्टरकडचं हवेचं बारीक छिद्र बंद आहे. किंवा फ्लोटची पातळी उंच झाली आहे.

त्याच दिवशी एअर फिल्टरही धुतला असेल तर त्याच्याकडेही बघा. स्पंजाचा फिल्टर तेलात निथळून न पिळता बसवला, किंवा कागदी फिल्टर पाण्यानं धुतला, तर हवा अडते. कागदी फिल्टर धुवायचा नसतोच, बदलायचा असतो.

काळा प्लग साफ करा किंवा बदला, मगच पुढचं तपासा. काजळी धरलेला प्लग स्लोवर ठिणगी गिळतो आणि कार्बोरेटर बरा झाला तरी गाडी बंद पडत राहते.

११. खालच्या नळीतून पेट्रोल टपकतंय. मिस्त्री म्हणतो “ओव्हर” होतेय.

फ्लोटची सुई पेट्रोल अडवत नाही. सुईखाली कचरा अडकलाय, तिच्या टोकावर झिजून रेघ पडली आहे, किंवा फ्लोटची पिन तिरकी बसली आहे. कॉक बंद करून वाटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करा. कधी कचरा सुटतो. नाहीच थांबलं तर वाटी उघडून सुई आणि तिची बैठक बघा. पितळी पट्टी असलेल्या फ्लोटची उंची पट्टी वाकवून जुळवता येते. पूर्ण प्लास्टिकचा असेल तर वाकवू नका, तुटतो.

टपकणारं पेट्रोल बाहेरच जातं असं नाही. ते इंजिनातही उतरतं. किक मारण्याआधी ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग खराब होतात. हे मनावर घ्या, कारण नळी टपकते तेव्हा लोकांना फक्त वाया जाणाऱ्या पेट्रोलचीच काळजी वाटते.

१२. सकाळी थंड असताना ठीक, पिथमपूरला पोहोचेपर्यंत गरम झाली की स्लोवर बंद.

इथे कार्बोरेटरच्या बाहेरही बघावं लागतं. आधी टाकीचं झाकण. त्याच्या हवेचं छिद्र बंद असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि लगेच गाडी चालली तर तेच कारण. मात्र या दोषात गाडी चालतानाही आचके देते.

मग टॅपेट. बऱ्याच १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत व्हॉल्व्हची फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटर ठेवतात. फट याहून कमी झाली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब निसटतो आणि स्लो मरतो. वर पळताना ते जाणवत नाही. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात, पण पूर्ण गप्प इंजिनाचीच फट तपासायला हवी. इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पुस्तकातल्या आकड्यावर. हे काम येणाऱ्याकडूनच करून घ्या.

मेनिफोल्डची चीर गरम झाल्यावर उघडते, त्यासाठी प्रश्न ७. इग्निशन कॉइल किंवा ठिणगीची वेळ ठरवणारी पल्सर कॉइल तापून दगा देत असेल तर गाडी आचका देऊन एकदम बंद होते आणि थंड झाल्यावरच सुरू होते. बंद पडलेल्या क्षणी प्लगला ठिणगी आहे का ते बघितलं की वाद मिटतो.

१३. हँडल डावीकडे वळवलं की आवाज बदलतो.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल चुकीच्या वाटेनं गेली आहे किंवा तिला सैल जागा उरलेली नाही. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल हवी. वळवल्यावर रेस वाढत असेल तर आज रात्रीच दुरुस्त करा, गर्दीत वळताना गाडी स्वतःहून पुढे जाईल. वळवल्यावर बंद पडत असेल तर हँडलखालच्या वायरी ताणल्या जात आहेत का बघा.

१४. पावसाळ्यात किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यावर दर वेळी हेच होतं. इथेनॉलमुळे का?

काही अंशी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून विकायला सुरुवात झाली. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, म्हणजे नेमके जेटच्या तोंडाशी. वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल, नुसता कार्बोरेटर धुऊन आठ दिवसांत परत तेच होईल.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण थोडं पातळ पडतं. काठावर सेट केलेली गाडी त्यामुळे स्लोवर डळमळते. प्रश्न ८ च्या पद्धतीनं स्क्रू पुन्हा जुळवला की बहुधा भागतं. थंडीतही असंच होतं. जानेवारीच्या पहाटे इंदुरात हवा गार आणि दाट असते, मेमध्ये सेट केलेला स्लो तेव्हा कमी पडतो.

गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, समजा सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला जाताय, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. वाळून चिकट होणारं पेट्रोलच मग तिथे नसेल.

१५. पल्सरचा कार्बोरेटर साफ केला. स्लो कसाबसा आहे, पण मूठ फिरवली की आधी बंद पडायला होतं.

वरची काळी टोपी उघडली होती का? तिच्याखाली रबरी डायफ्राम असतो. त्याची कड खाचेत पूर्ण बसली नाही, टोपी लावताना चिमटली, किंवा क्लीनरनं फुगली तर कार्बोरेटरमधला पिस्टन वर उचलला जात नाही. डायफ्राम उजेडासमोर ताणून बघा, टाचणीएवढं भोकही पुरतं. फुगलेला डायफ्राम रात्रभर उघड्या हवेत ठेवला की कधी मूळ मापावर येतो. टोपी लावताना पिस्टन बोटानं थोडा वर धरला की कड सहज बसते. डायफ्राम ठीक असेल तर मूठ किंचित उघडल्यावरचं ते शेजारचं छिद्र बंद आहे, प्रश्न ६.

१६. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज, आणि खाली येऊन बंद.

मूठ बंद असताना मिश्रण इतकं पातळ होतं की ते सिलिंडरमध्ये पेटत नाही आणि सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. कारण तेच, स्लोची वाट किंवा गळती. फक्त आधी सायलेन्सरचा इंजिनाकडचा जोड बघा. तिथून हवा आत जात असेल तर आवाज येतो, पण स्लो बिघडत नाही. तुमचं दोन्ही होत असेल तर प्रश्न ७. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. आपल्या आसपासच्या घाटांत उंचीमुळे जेट बदलावा एवढा फरक पडत नाही, त्यामुळे तो खर्च कुणी सुचवला तर थांबा.

१७. वडिलांची आरएक्स १०० आहे. तिलाही हेच सगळं लागू का?

कार्बोरेटरपुरतं हो. पण ती टू-स्ट्रोक आहे, तिच्या क्रँककेसमधूनही मिश्रण जातं. क्रँकचं ऑइल सील झिजलं तर तिथून हवा शिरते, स्लो वर-खाली नाचतो आणि कार्बोरेटर कितीही धुतला तरी फरक पडत नाही. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये इंधनासोबतच ऑइल येतं. मिश्रण पातळ ठेवून ती पळवलीत तर पिस्टन पकडतो. या गाड्या १९९६ नंतर बनलेल्या नाहीत. स्लो नाचत असेल तर लांबचा फेरा पुढे ढकला आणि आधी सील तपासा.

१८. माझी गाडी २०२१ ची आहे. तिचा कार्बोरेटर कुठे असतो?

बहुधा नसतोच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि जवळजवळ सगळ्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. तिथे थ्रॉटल बॉडी, सेन्सर आणि टाकीतला पंप असतो. या पानावरचं स्क्रूचं काहीही तिच्यावर करू नका. पिवळा दिवा पेटत असेल तर स्कॅनरवर दाखवा.

१९. सगळं करून पाहिलं. नवा कार्बोरेटर टाकू का?

त्याआधी दोन गोष्टी. एक, दुसऱ्या चालू गाडीचा तोच कार्बोरेटर तासभर मागून घ्या आणि आपल्या गाडीवर लावून बघा. तरीही बंद पडली तर दोष कार्बोरेटरात नाही, टॅपेट, गळती किंवा ठिणगीत आहे, आणि नव्याचे पैसे वाचले. दोन, मूळ कंपनीची दुरुस्ती किट मिळत असेल तर जेट, सुई, ओ-रिंगा आणि पॅकिंग एकदम बदला.

नवा घ्यावा लागतो तो तीन कारणांनी: स्क्रूचं टोक आत तुटलंय, बॉडीतली वाट कशानंही मोकळी होत नाही, किंवा स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली सरकणारा थ्रॉटलचा भाग) आणि बॉडी इतकी झिजली आहे की थ्रॉटल बंद असतानाही बाजूनं हवा जाते. स्लाइड बोटांत धरून हलवा, खडखड वाजत असेल तर झिजली आहे. घेताना बिनानावाचा स्वस्त कार्बोरेटर टाळा. त्यातले जेट मापाचे असतीलच असं नाही, आणि मग हीच प्रश्नावली पहिल्यापासून सुरू होते. जुना कार्बोरेटर मिस्त्रीकडे सोडून येऊ नका. त्याचे जेट आणि स्क्रू पुढे कामाला येतात.